पाळीची वही

बांधाची वही माझ्याकडं आली
कारण माझं अक्षर बरं,
आणि पोस्टात बत्तीस वर्षं काढलेला माणूस
खाडाखोड करत नाही, असा गावाचा समज.

पहिल्या पानावर तारीख नाही, तिथी आहे :
दशमी, भांगाचं पाणी.
उधाणात बांधाला हात लावायचा नसतो,
हे आनंदी मेतरनं इंजिनियरला सांगितलं
तेव्हा तो मोबाईलची रेंज शोधत होता.

खांड पडली होती नऊ हात.
आत मुणग्याचं भात, पोटरीला आलेलं,
तीन दिवसांत तांबडं पडलं.
आठवड्यानं वरच्या वाडीत
विहिरीच्या पाण्याचा चहा नासू लागला,
तेव्हा कुठं त्यांना कळलं
की खाजण फक्त खालच्या वाडीचं नसतं.

सभेत आधी भांडण झालं. वहीत तेही आहे.
देवळाच्या कमानीला चाकरमान्यांनी पाठवलेले पैसे
उघाडीच्या दाराला वापरायचे का,
यावर रात्री साडेअकरापर्यंत.
गुणाजी कुबल म्हणाला, कमान ही गावाची शोभा.
मागून द्रौपदी जाधव उठली :
"कमानीतसून दर्यो भितर इलो
तर काय करतलास? ओवाळतलास?"
हसणं ओसरल्यावर हात मोजले.
सत्तावीस. विरुद्ध बावीस.
कमान राहिली. अजून राहिलीच आहे.

मग पाळ्या लागल्या. घरटी एक माणूस.
माणूस मुंबईला असेल तर बाई,
बाई थकलेली असेल तर सगळ्यांचा चहा.
इनास फर्नांडिसनं होडी दिली, चिरे तीतून आले,
भाडं मागितलं नाही, पण दोनदा आठवण केली.
सलमा मुजावरचे दोन्ही मुलगे सुतार,
त्यांनी ऐनाचं दार बसवलं :
ओहोटीला आपसूक उघडतं, भरतीला मिटतं,
कुणाला विचारत नाही.

अकरावं पान मी तीनदा लिहिलं.
प्रश्न होता, बांध तिथंच का फुटला?
आनंदी काही बोलली नाही. बोट दाखवलं.
तिथं तिवरं होती एकेकाळी, गच्च,
लाटेचा दम तिथंच मोडायचा.
आता खुंट, आणि खुंटांवर कालवं.
कोलंबीच्या तळ्यासाठी ती तोडू देणारा
सातबारा माझा.
तळं दोन वर्षांत बसलं.
त्या पैशांची स्लॅब अजून माझ्या डोक्यावर आहे.
गावात सगळ्यांना ठाऊक होतं,
वहीला नव्हतं.
लिहिलं. शाई तीच,
अक्षर तेवढं बरं आलं नाही.

बांधाबाहेर कांदळाच्या शेंगा रोवल्या,
शेवग्याएवढ्या लांब, अकराशे.
कुठं रोवायच्या ते ठरवलं
तिसऱ्या काढणाऱ्या बायकांनी :
पाय घोट्यापर्यंत गेला तर इथं,
गुडघ्यापर्यंत गेला तर पुढं चला.
इंजिनियरनं हे मात्र लिहून घेतलं.
मीही घेतलं, शेवटच्या पानावर,
पुसलं जाऊ नये म्हणून बॉलपेननं.

दोनशेएक शेंगा म्हशींनी खाल्ल्या.
म्हशी कुणाच्या, हे वहीत आहे.
श्रावणातल्या उधाणानं किती नेल्या
ते कुणी मोजलं नाही, मन झालं नाही.
परवापर्यंत जगलेल्या चारशे तीस.
त्यांच्या बुडाशी निवट्या चढतात,
डोळे वटारून बसतात,
जशा काही त्यांनीच राखण केली.

दर्याचं नाव वहीत घातलेलं नाही.
तो दिवसातून दोनदा हजर असतो, बिनपाळीचा.
दाराच्या खुणेवर कधी बोटभर वर, कधी नाही;
जुने गाबीत म्हणतात, वरच.

उद्या दशमी. पाळी माझी.
कंबर सकाळपासून धरली आहे.
सबब लिहायला वहीत रकाना नाही.
आखणी करताना
तो मीच ठेवला नव्हता.